वॉशबॅकमधल्या दोन पाळ्या: व्हिस्कीचं किण्वन, पायरीपायरीनं

व्हिस्कीची भट्टी तापण्याआधी डिस्टिलरीत एक बिअर तयार होते. होप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) न घातलेली, न उकळलेली, गढूळ, साधारण ८ टक्के मद्यार्क असलेली. तिला वॉश म्हणतात, आणि ती ज्या उंच टाकीत तयार होते त्या टाकीला वॉशबॅक. वॉश प्यायला काही खास नसतो. पण पुढे ग्लासातून सफरचंद, नाशपाती, केळं, फुलं यांचा जो गंध येतो, त्याचा मोठा भाग याच टाकीत जन्माला येतो. भट्टी त्यातून निवड करते आणि त्याला घट्ट करते. ओकचं पीप त्यावर रंग, व्हॅनिला आणि मसाल्याची छटा चढवतं. पण आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

किण्वनाबद्दल वाचताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. बहुतेक ठिकाणी एका ओळीत आटोपतात: यीस्ट साखर खातं, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, दोन दिवसांत काम संपतं. यातलं ‘काम संपतं’ हे चूक आहे. पारंपरिक वॉशबॅकमध्ये दोन पाळ्या चालतात. पहिली यीस्टची, दुसरी जिवाणूंची. पहिली मद्यार्क देते, आणि दुसरीला वेळ दिला तर चवीत खोली येते. या लेखात मी मुख्यतः स्कॉटलंडच्या माल्ट व्हिस्कीची पद्धत धरून चाललो आहे. अमेरिकेतल्या केंटकीची वाट कुठे वेगळी होते तेही सांगेन.

इथलं सगळं मार्गदर्शन वॉश तयार होईपर्यंतचं आहे. परवान्याशिवाय ऊर्ध्वपातन करणं ब्रिटन, अमेरिका आणि इतर बहुतेक देशांत गुन्हा आहे. डिस्टिलरीत शिकायला लागलेल्यांना, डिस्टिलरी बघायला जाणाऱ्यांना आणि ग्लासातली चव कुठून आली हे समजून घ्यायचं असणाऱ्यांना याचा उपयोग होईल.

पायरी १: वर्ट कसा आहे ते आधी बघा

यीस्टला पिष्ट खाता येत नाही. म्हणून जवाला मोड आणून, वाळवून माल्ट करतात. मोड येताना दाण्यात पिष्ट तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार होतात. माल्ट भरडला जातो. साधारण २० टक्के टरफलं, ७० टक्के रवा आणि १० टक्के पीठ, असं भरडीचं प्रमाण जुनेजाणते धरतात. टरफलांची चाळणी होते, त्यामुळे पीठ जास्त झालं तर खालून रस गळत नाही.

ही भरड गरम पाण्यात कालवतात तेव्हा मिश्रणाचं तापमान ६३ ते ६४ अंश सेल्सिअस ठेवलं जातं. हा आकडा तडजोडीचा आहे. बीटा-अमायलेज हे माल्टोज नावाची साखर बनवणारं विकर ६५ अंशांच्या वर लवकर निकामी होतं, तर अल्फा-अमायलेजला त्याहून जास्त ऊब आवडते. दोघंही काम करतील असा हा मधला टप्पा. त्यानंतर आणखी गरम पाणी घालून उरलेली साखर धुऊन काढतात. शेवटच्या धुण्याचं पातळ पाणी टाकून देत नाहीत, ते पुढच्या घाण्यात पहिलं पाणी म्हणून वापरतात.

जो गोड रस निघतो तो वर्ट. त्याची दोन लक्षणं नोंदवून ठेवा.

पहिलं, विशिष्ट गुरुत्व. हायड्रोमीटरवर ते साधारण १.०५० ते १.०६० यांच्या दरम्यान मिळतं. पाण्याचं १.००० धरलं तर वरचा सगळा आकडा विरघळलेल्या साखरेमुळे आणि इतर द्रव्यांमुळे आहे. साखरेतली सुमारे निम्मी माल्टोज असते. बाकी माल्टोट्रायोज, ग्लुकोज, थोडी सुक्रोज आणि फ्रुक्टोज.

दुसरं, नितळपणा, आणि याकडे नवखे लोक बघतच नाहीत. वर्ट काचेच्या भांड्यात घेऊन उजेडासमोर धरा. रस सावकाश गळू दिला तर तो स्वच्छ येतो. घाई केली तर दाण्याचे बारीक कण आणि स्निग्ध पदार्थ सोबत येतात. स्निग्ध पदार्थ आयते मिळाले की यीस्ट एस्टर, म्हणजे फळांचा वास देणारी द्रव्यं, कमी बनवतं. म्हणून गढूळ वर्टची व्हिस्की दाणेदार, सुक्यामेव्याच्या वळणाची होते, आणि नितळ वर्टची फळांच्या वळणाची. दोन्ही शैलींना चाहते आहेत. पण फळं हवी असतील, तर त्याचा निर्णय यीस्ट घालण्याआधीच, रस गाळताना होऊन गेलेला असतो.

आता बिअरशी असलेला सगळ्यात मोठा फरक: बिअरचा वर्ट तासभर उकळतात, माल्ट व्हिस्कीचा उकळत नाहीत. त्यामुळे माल्टमधली विकरं जिवंत राहतात आणि किण्वन चालू असतानाही लांब साखळ्यांच्या डेक्स्ट्रिन तोडत राहतात. वॉश आंबट होत जातो तसं लिमिट डेक्स्ट्रिनेज नावाचं विकर तर आणखी मोकळं होतं. स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांत पिष्टाची साखर फक्त धान्याच्या स्वतःच्या विकरांनीच व्हावी अशी अट आहे, बाहेरून विकर घालता येत नाही. न उकळण्यामुळे आणखी एक गोष्ट वाचते, ती म्हणजे माल्टसोबत आलेले जिवाणू. त्यांच्याकडे पुढे येऊ.

पायरी २: थंड करा आणि हवा द्या

साठ-सत्तर अंशांचा वर्ट उष्णता-विनिमयकातून नेऊन १८ ते २२ अंशांवर आणतात. ही सुरुवातीची ऊब फार विचारपूर्वक ठरवावी लागते, कारण किण्वनात स्वतःचीच उष्णता निर्माण होते. पारंपरिक लाकडी वॉशबॅकला थंड करायची सोय नसते. आतलं तापमान १२ ते १४ अंशांनी चढणार हे गृहीत धरावं लागतं. २० ला सुरू केलं तर ३३ च्या आसपास पोचेल. २६ ला सुरू केलं तर चाळिशीकडे जाईल आणि मद्यार्क वाढलेल्या वातावरणात यीस्ट तिथे मरायला लागेल. हिवाळ्यात थोडं उबदार आणि उन्हाळ्यात थोडं थंड सुरू करायचं, हा त्यावरचा जुना उपाय.

वर्ट टाकीत पडताना त्यात हवा मिसळू द्यावी. किण्वन हवेविना चालतं हे खरं, पण यीस्टला वाढीच्या पहिल्या तासांत पेशीभित्तिकेच्या आतलं आवरण बांधायला स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं लागतात, आणि ती बनवायला प्राणवायू लागतो. ही शिदोरी सुरुवातीला मिळाली नाही तर यीस्ट शेवटच्या टप्प्यात मद्यार्कापुढे हात टेकतं.

पायरी ३: यीस्ट

सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हीच जात, पण व्हिस्कीसाठी निवडलेले वाण वेगळे. स्कॉटलंडमध्ये १९५० च्या दशकापासून ‘एम’ नावाच्या वाणानं उद्योग व्यापला. त्याआधी बिअरवाल्यांचं उरलेलं यीस्ट सर्रास वापरत, आणि पुढेही बरीच वर्षं दोन्ही मिसळून घालण्याची पद्धत होती. यीस्ट दाबलेल्या वड्यांच्या, दाट द्रवाच्या किंवा सुक्या दाण्यांच्या रूपात येतं.

सुकं यीस्ट असेल तर ते थेट थंड वर्टवर भुरभुरू नका. उत्पादकानं सांगितलेल्या तापमानाच्या कोमट पाण्यात आधी भिजवा. कोरड्या पेशीचं आवरण पहिल्या काही मिनिटांत पाणी शोषताना फार नाजूक असतं.

दर मिलिलिटरला साधारण १ ते २ कोटी पेशी पडतील इतकं यीस्ट घालतात. कमी घातलं तर यीस्ट जास्त पिढ्या वाढतं, सुरुवात रेंगाळते आणि त्या मोकळ्या वेळात जिवाणू मुसंडी मारतात. मद्यार्काचा उतारा तिथेच घटतो, कारण जिवाणूंनी लवकर खाल्लेली साखर यीस्टच्या वाट्याची असते. दुसरी पाळी हवी आहे, पण दुसरीच.

पायरी ४: पहिली पाळी, तासागणिक

पहिले काही तास वर काहीच दिसत नाही. यीस्ट ऊब आणि साखरेशी जुळवून घेत असतं, प्राणवायू उचलत असतं. मग बारीक पांढरा फेस कडेनं दिसू लागतो.

साधारण १० व्या ते ३० व्या तासात टाकी उसळते. यीस्ट आधी ग्लुकोज संपवतं, मग माल्टोजकडे वळतं, माल्टोट्रायोज सगळ्यात शेवटी. पेशींची संख्या दहापटीच्या आसपास जाते. फेस झाकणापर्यंत चढतो. म्हणून वॉशबॅकच्या वरच्या भागात स्विचर नावाचं फिरतं पातं बसवलेलं असतं, ते फेस कापत राहतं. पातं यंत्रावर चालण्याआधी हे काम माणसं हातात फांद्यांचे लांब झाडू घेऊन करत, रात्रभर. लाकडी टाकीजवळ उभं राहिलं की पायाखालच्या फळ्यांना बसणारा तो हादरा मला अजून आठवतो. एवढ्या सूक्ष्म जीवांमध्ये हे बळ असेल यावर आधी विश्वास बसत नाही.

रसायनाचा हिशोब सोपा आहे. ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू. वजनात, १८० ग्रॅम साखरेपासून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम वायू. प्रत्यक्षात थोडी साखर यीस्टच्या वाढीत आणि ग्लिसरॉलसारख्या पदार्थांत जाते, म्हणून मद्यार्क थोडा कमी मिळतो.

पण चव या मुख्य समीकरणात नसते. ती यीस्टच्या घरकामात असते. अमिनो आम्लं वापरताना यीस्ट उच्च अल्कोहोलं सोडतं. त्यातलं फिनाइल इथेनॉल गुलाबासारखं वास मारतं. अल्कोहोल आणि आम्लं जोडून एस्टर बनतात: आयसोअमाइल ॲसिटेट केळ्याचं, इथाइल हेक्झानोएट सफरचंदाचं. जवाच्या फेरुलिक आम्लापासून लवंगेसारखा ४-व्हिनाइल ग्वायकॉल तयार होतो. बिअरवाले तो बहुधा टाळतात, व्हिस्कीचं यीस्ट मात्र तो बनवणारंच असतं.

या पाळीत दर चार तासांनी तीन गोष्टी लिहा: गुरुत्व, तापमान, सामू म्हणजे पीएच. सामू ५.२ च्या आसपास सुरू होतो आणि पहिल्या दिवसातच साडेचारच्या जवळ येतो. गुरुत्व उतरतंय आणि सामूही उतरतोय, तर सगळं ठीक. सामू झपाट्यानं उतरतोय पण गुरुत्व अडलंय, तर यीस्टऐवजी जिवाणूंनी ताबा घेतला आहे.

४० व्या ते ५० व्या तासाला गुरुत्व १.००० च्याही खाली, ०.९९८ च्या आसपास येऊन थांबतं. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका आहे आणि उरलेली साखर नगण्य, म्हणून पाण्याहूनही हलका आकडा दिसतो. उदाहरण घेऊ: सुरुवात १.०५५, शेवट ०.९९८. फरक ०.०५७. त्याला १३१ नं गुणलं की साधारण ७.५ टक्के मद्यार्क. हिशोब अंदाजे आहे, पण रोजच्या कामाला पुरतो.

पायरी ५: दुसरी पाळी

१८५६ मध्ये लुई पाश्चर फ्रान्समधल्या लील इथे शिकवत असताना बीटपासून मद्यार्क काढणाऱ्या एका उत्पादकानं त्याला आपल्या नासलेल्या टाक्या दाखवल्या. चांगल्या टाकीत सूक्ष्मदर्शकाखाली गोलसर यीस्ट दिसलं. आंबट टाकीत त्याहून कितीतरी लहान, काडीसारखे जीव. त्या काड्या म्हणजे लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू. १८५७ मध्ये त्यानं लॅक्टिक किण्वनावरचा निबंध मांडला. त्या उत्पादकासाठी ते जिवाणू शत्रू होते, आणि बरोबरच, कारण ते सुरुवातीला आले होते. पारंपरिक व्हिस्कीत तेच जिवाणू उशिरा आले तर पाहुणे ठरतात.

घडतं ते असं. न उकळलेल्या वर्टमधून, आणि लाकडी टाकी असेल तर तिच्या खाचांमधूनही, लॅक्टोबॅसिलस जिवाणू आलेले असतातच. यीस्टच्या जोरापुढे ते दबून राहतात. ५० तासांनंतर यीस्ट थकतं, मरतं, फुटतं, आणि पेशींमधली अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं बाहेर पडतात. यीस्टला न पचलेल्या काही साखरा शिल्लक असतात. जिवाणूंना एवढं पुरेसं असतं. ७० व्या तासानंतर सामू ४ च्या खाली सरकतो. वासातली दाणेदार, पिठूळ छटा मागे पडते आणि गोडसर, आंबूस, दह्याच्या निवळीसारखी छटा पुढे येते. जिवाणू मेदाम्लांवर एक फेरफार करतात, आणि यीस्टनं तो पुढे नेला की गॅमा-डेकालॅक्टोनसारखे लॅक्टोन बनतात, पीचसारख्या गोड, स्निग्ध वासाचे. शिवाय आंबट वॉश भट्टीत तापताना एस्टरच्या घडणीलाही हातभार लागतो.

स्कॉटलंडमध्ये ही पाळी पुष्कळदा योगायोगानं मिळायची. आठवड्याला पाचच दिवस चालणाऱ्या डिस्टिलरीत सोमवारी भरलेली टाकी दोन दिवसांत रिकामी होई, आणि शुक्रवारची शनिवार-रविवार ओलांडून सोमवारपर्यंत, ७० तासांच्या पुढे बसे. दोन्ही वॉश मिसळून तोल साधला जाई. कॅम्पबेलटाउनच्या स्प्रिंगबँकसारख्या डिस्टिलऱ्या मात्र मुद्दाम १०० तासांपर्यंत आणि त्याही पुढे जातात.

टाकी लाकडी हवी की पोलादी, यावर फार वाद चालतो. ग्लेनफिडिकमध्ये लाकडी आहेत, ग्लेनफार्क्लासमध्ये स्टेनलेस स्टीलच्या, आणि दोन्हींची व्हिस्की उत्तम आहे. माझं मत असं की लाकडापेक्षा वेळ मोठा. माल्टमधून जिवाणू दोन्हीकडे येतातच. ४८ तासांत रिकामी होणारी लाकडी टाकी त्यांना कामच करू देत नाही.

पायरी ६: कधी थांबायचं

गुरुत्व स्थिर झालं म्हणजे मद्यार्क पूर्ण झाला. चवीचा निर्णय त्यानंतर सुरू होतो. ५० व्या तासाला थांबलात तर दाण्याची, सुक्यामेव्याची, जाड अंगाची व्हिस्की. ७० ते १०० तासांत फळं, फुलं, हलका आंबूस ताजेपणा. त्यापलीकडे बक्षीस कमी आणि धोका जास्त: मद्यार्क थोडा घटतो आणि नको असलेले जिवाणू डोकं वर काढतात.

नाक तयार करण्याचा सोपा उपाय म्हणजे एकाच टाकीतून ५० व्या आणि ९० व्या तासाला नमुना काढणं. पहिला ताबडतोब शीतपेटीत ठेवा, दुसरा आला की दोन्ही सारख्या तापमानाला आणून शेजारी ठेवा. वरच्या थरातून नव्हे, नमुन्याच्या नळातून घ्या, आणि पहिला घोट भर वॉश वाहू द्या. हा फरक एकदा हुंगला की पुस्तकातली दहा पानं वाचायची गरज उरत नाही.

केंटकीची आंबट वाट

बर्बन या अमेरिकन व्हिस्कीत किमान ५१ टक्के मका असतो. रस गाळत नाहीत, भरड दाण्यांसकट आंबवतात. तिथे आंबटपणाची वाट न पाहता तो सुरुवातीलाच देतात: आधीच्या ऊर्ध्वपातनानंतर भट्टीच्या तळाशी उरलेल्या आंबट पाण्याचा काही हिस्सा नव्या मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात कालवलेल्या भरडीत, घालतात. यालाच सावर मॅश म्हणतात. हे पाणी भट्टीत उकळून आलेलं असतं, त्यामुळे त्यात जिवंत यीस्ट नसतं; काम आम्लाचं असतं. सामू खाली असला की नको ते जिवाणू दबतात, यीस्टला अडचण येत नाही, आणि प्रत्येक घाणा मागच्यासारखा येतो. केंटकीत १८१८ च्या सुमारासची सावर मॅशची लिखित कृती कॅथरिन कार्पेंटर यांच्या नावे जपलेली आहे. पुढे जेम्स क्रो या स्कॉटिश रसायनज्ञानं मोजमाप, तापमापक आणि नोंदवही यांच्या जोरावर तिला शिस्त लावली. मला क्रोचं खरं श्रेय त्या नोंदवहीत दिसतं.

बिघडलं तर

सुरुवात १२ तासांनंतरही नाही: वर्ट फार थंड होता किंवा यीस्ट जुनं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली मिथिलीन ब्लू टाका. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत रंगहीन राहतात.

गुरुत्व १.०१५ ला अडलं: बहुधा तापमान ३५ च्या वर गेलं किंवा सुरुवातीला हवा मिळाली नाही. मॅशचं तापमानही तपासा. विकरं तिथेच जळली असतील तर यीस्टचा दोष नाही.

डोळ्यांना झोंबणारा, मिरीसारखा तिखट वास ऊर्ध्वपातनात आला: काही जिवाणू ग्लिसरॉलपासून असा पदार्थ बनवतात जो तापला की ॲक्रोलिन होतो. टाकी, नळ आणि विनिमयकाची स्वच्छता ढासळल्याची ही खूण आहे. लांब किण्वन आणि अस्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला पहिलीचं नाव देणारे लोक मी पाहिले आहेत.

आणि एक गोष्ट जिला दुसरी संधी नाही. एक लिटर वर्टमधून सुमारे ३० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड असल्यानं टाकीत आणि खालच्या मजल्यावर साचून राहतो. वॉशबॅकमध्ये डोकं घालून श्वास घेतला की नाकात जी झिणझिणी येते ती गंमत म्हणून पाहुण्यांना दाखवतात. मला ते अजिबात पटत नाही. दाट वायूच्या दोन-तीन श्वासांत शुद्ध हरपते. हातानं वारा नाकाकडे ओढून वास घ्या. रिकाम्या टाकीत उतरायचं तर आधी हवा खेळवा, वायुमापक लावा, आणि वर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय उतरू नका. आतला माणूस कोसळला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. अशा अपघातांत दुसरा बळी बहुधा वाचवायला गेलेल्याचाच असतो.

वॉश भट्टीकडे जातो तो यीस्टसकट. ते गाळून काढत नाहीत, कारण पेशी भट्टीत तापून फुटतात तेव्हा त्यांच्यात अडकलेले मेदाम्लांचे एस्टर मोकळे होऊन मद्यात येतात. टाकी रिकामी झाली की ती घासून धुतात, लाकडी असेल तर वाफ देतात. लाकूड कितीही वाफवलं तरी निर्जंतुक होत नाही. काही तासांत नवा, कोमट, गोड वर्ट पुन्हा त्यात पडायला लागतो, आणि खाचांमधले जिवाणू आपली पाळी येण्याची वाट बघत बसतात.